आधी काम दाखवा, मग कल विचारा
(द्वितीय वर्ष, कला)

परीक्षेचे दिवस जवळ आले की स्टेशनच्या जिन्यापासून रिक्षास्टँडपर्यंत क्लासच्या जाहिरातींची गर्दी होते. तिच्यात अलीकडे आणखी एका जाहिरातीची भर पडली आहे. ‘आपला स्वभाव ओळखा, योग्य करिअर निवडा!’ खाली फोन नंबर, आणि टाय लावलेल्या एका हसऱ्या मुलाचे चित्र. हा मुलगा मोरिवलीत मला कधी भेटलेला नाही. पण त्याला त्याचा स्वभाव सापडला आहे, हे त्याच्या चेहऱ्यावरून उघड दिसते. आम्हा बाकीच्यांना तो अजून सापडायचा आहे आणि त्यासाठी काही हजार रुपये मोजायचे आहेत.

या विषयावर बोलण्याचा तुला अधिकार काय, असे कोणी विचारील. मी मानसशास्त्राची पंडित नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. कला शाखा मी घेतली ती कुठल्याही चाचणीवरून नव्हे. फी परवडत होती, कॉलेज जवळ होते आणि दुपारी घरी येऊन आईच्या कामाला हात लावता येत होता. आई उल्हासनगरहून येणाऱ्या जीन्सच्या पँटींचे दोरे कापते. नगावर पैसे मिळतात. माझ्या निवडीची ही तिन्ही कारणे मला आजवर कोणत्याही व्यक्तिमत्त्व-चाचणीच्या प्रश्नांत आढळलेली नाहीत. परंतु माझे काय व्हायचे ते झाले. यंदा माझी धाकटी बहीण दहावीला आहे. जूनमध्ये तिला शाखा निवडायची आहे आणि तिच्या हातात एक छापील अहवाल पडलेला आहे. म्हणून हा लेखप्रपंच.

झाले असे, की दिवाळीच्या सुट्टीनंतर एका संस्थेने सभागृह घेऊन मोफत चाचणी ठेवली होती. आमच्या चाळीतली नऊ मुले गेली. पाच मुलगे, चार मुली. पाचही मुलग्यांचा कल ‘तांत्रिक’ निघाला. मुलींपैकी तिघी ‘सेवाभावी’ निघाल्या आणि चौथी ‘कार्यालयीन’. माझी बहीण सेवाभावी. तिच्या अहवालात शुश्रूषा, बालसंगोपन आणि प्राथमिक अध्यापन अशी तीन क्षेत्रे सुचवली होती. तिने तो कागद दोनदा वाचला आणि मला विचारले, “म्हणजे ताई, घरात करते तेच ना?”

वास्तविक आमच्या घरातला बिघडलेला मिक्सर तीच उघडते. चाळीचा मीटर उडाला की शेजारचे काका तिलाच हाक मारतात. पण चाचणीत प्रश्न होता, ‘आजारी माणसाची काळजी घ्यायला तुम्हाला आवडते का?’ आजी दोन वर्षे अंथरुणावर होती, तिचे सगळे बहिणीने केले. ती ‘नाही’ कशी लिहिणार? ‘यंत्राचा आराखडा समजून घ्यायला आवडेल का?’ या प्रश्नापुढे तिने ‘सांगता येत नाही’वर खूण केली, कारण आराखडा तिने पाहिलेलाच नव्हता. तिचे उत्तर प्रामाणिक होते आणि त्यावरून काढलेला निष्कर्षही गणिताने बरोबरच असणार. तरीही अहवाल चुकला. कोणत्या जागी चुकला, हे शोधण्यासाठी मी ग्रंथालयात बसून थोडे वाचन केले.

या शास्त्राचा उगम, गंमत म्हणजे, आमच्यासारख्यांसाठीच झालेला आहे. १९०८ साली अमेरिकेतल्या बोस्टन शहरात फ्रँक पार्सन्स नावाच्या गृहस्थाने व्यवसाय-मार्गदर्शनाचे एक कार्यालय उघडले. कामाच्या शोधात शहरात आलेली गरीब आणि परदेशांतून आलेल्या कुटुंबांतली मुले त्याच्या डोळ्यांपुढे होती. त्याच वर्षी तो वारला आणि त्याचे पुस्तक दुसऱ्या वर्षी निघाले. त्याची रीत तीन पायऱ्यांची होती. पहिली, स्वतःला नीट ओळखणे. दुसरी, कामे ओळखणे. म्हणजे त्या कामाला काय लागते, पगार किती, फायदे-तोटे कोणते, पुढे वाव किती. तिसरी, या दोहोंचा विचार करून मेळ घालणे. साधी गोष्ट आहे. भाजी घेतानासुद्धा आपण आपली भूक आणि बाजारातला भाव, दोन्ही बघतो.

पुढे पहिल्या पायरीवर मोठमोठ्या इमारती उठल्या. स्वित्झर्लंडच्या कार्ल युंगने १९२१ मध्ये मानसिक प्रकारांवर ग्रंथ लिहिला. त्याच्या आधारे कॅथरिन ब्रिग्ज आणि तिची मुलगी इझाबेल मायर्स यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात एक प्रश्नावली रचली, तिच्यात माणसांचे सोळा प्रकार आहेत. मायलेकींपैकी कोणीही मानसशास्त्राचे रीतसर शिक्षण घेतलेले नव्हते. (हे मी त्यांना कमी लेखण्यासाठी सांगत नाही, मला तर त्यांचे कौतुकच वाटते.) आज ही प्रश्नावली जगभर चालते. परंतु तिच्यात एक अडचण आहे. बहुतेक माणसे अगदी अबोल नसतात की अगदी बडबडी नसतात, मध्येच कुठेतरी असतात. चाचणी मात्र बरोबर मध्यावर रेघ मारते आणि रेघेच्या अलीकडच्याला एक नाव व पलीकडच्याला दुसरे देते. त्यामुळे काही आठवड्यांनी तोच माणूस पुन्हा बसला तर बऱ्याचदा त्याचा प्रकार बदलतो. नोकरीसाठी माणसे निवडताना ही चाचणी वापरू नये, असे ती प्रसिद्ध करणारेच सांगतात.

त्याहून व्यवहारी म्हणजे जॉन हॉलंडची मांडणी. हा सैन्यात असताना भरतीच्या जवानांच्या मुलाखती घेत असे. तिथे त्याच्या लक्षात आले, की माणसे थोड्याच ठरावीक तऱ्हांची असतात. १९५९ मध्ये त्याने आपला सिद्धांत मांडला. हाताने काम करणारे, शोध घेणारे, कलावंत, माणसांत रमणारे, पुढाकार घेणारे आणि नेटके कागदी काम करणारे अशा सहा तऱ्हा त्याने मानल्या. एक माणूस म्हणजे एकच तऱ्हा, असे तोही म्हणत नाही; दोन-तीन तऱ्हांचे मिश्रण धरतो. ही मांडणी मला पटते. आमच्या चाळीत सहाही तऱ्हा आहेत. मात्र आवडीशी जुळणारे काम मिळाले म्हणजे माणूस समाधानी होतोच, असे संशोधनातही ठामपणे निघालेले नाही. संबंध आहे, पण बराच सैल. पगार, वरिष्ठ, कामाचे तास, नोकरीची शाश्वती या गोष्टी मध्ये येतात.

आपल्या महाराष्ट्रानेही हा प्रयोग करून पाहिला. २०१६ साली राज्य मंडळाने श्यामची आई फाउंडेशनच्या साहाय्याने दहावीच्या सर्व विद्यार्थ्यांसाठी कल चाचणी सुरू केली. कृषी, कला व मानव्यविद्या, वाणिज्य, ललित कला, आरोग्य व जैविक विज्ञान, तांत्रिक आणि गणवेशधारी सेवा अशी सात क्षेत्रे होती. खेड्यातल्या मुलालाही फुकटात कोणीतरी ‘तुला काय आवडते?’ असे विचारले, हे या योजनेचे मोठेपण मी नाकारीत नाही. आमच्या कित्येकांच्या आयुष्यात हा प्रश्न विचारणारे ते पहिलेच माणूस, मग ते छापील का असेना. करोनानंतर आमची तुकडी दहावीला आली तेव्हा ती चाचणी आमच्या वाट्याला आली नाही. माझ्या मामेभावाने २०१८ मध्ये दिली होती. त्याचा कल ‘गणवेशधारी सेवा’ निघाला. पोलीस भरतीसाठी तो तीन वर्षे पहाटे धावला. आज तो एका मोठ्या दुकानाच्या दारात सुरक्षारक्षक आहे. “गणवेश तर मिळाला!” असे तोच हसत सांगतो.

एका रात्री मी माझ्या बाबांनाच चाचणीला बसवले. बाबा सातवी शिकलेले. मोरिवलीच्या एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत ठेकेदाराकडून बावीस वर्षे हेल्पर आहेत. कायम झालेले नाहीत. जेवण झाल्यावर मी सोळा प्रकारवाल्यांच्या धर्तीवरचे प्रश्न वाचून दाखवू लागले.

“बाबा, तुम्हाला एकांत आवडतो की माणसं?”

“दिवसपाळीला एकांत बरा, रातपाळीला माणसं बरी.”

“काम आधी ठरवून करता, की ऐन वेळी सुचेल तसं?”

“ऐन वेळी सुचेल तसा व्हॉल्व्ह उघडला, तर इथं चाळीत वास येईल.”

“निर्णय घेताना मनाचं ऐकता की डोक्याचं?”

“ठेकेदाराचं.”

आई हातातली कात्री खाली ठेवून हसू लागली. तरी मी नेटाने बेरीज केली. जो प्रकार निघाला त्याच्याखाली व्यवसाय सुचवले होते: हिशेबनीस, लष्करी अधिकारी, न्यायाधीश. मला वाटले, आता बाबाही हसतील. ते हसले नाहीत. ‘न्यायाधीश’ या शब्दावर जरा थांबले आणि म्हणाले, “सगळ्या हेल्परांच्या हजेरीची वही माझ्याकडंच असते. मी खाडाखोड करत नाही म्हणून.”

म्हणजे चाचणी खोटी नव्हती! तिने बाबांना बरोबर ओळखले होते. खाडाखोड न करणारा माणूस तिने अर्ध्या तासात हुडकून काढला. पण त्या माणसाच्या आणि न्यायाधीशाच्या खुर्चीच्या मध्ये सातवीतून सुटलेली शाळा आहे, कोरडवाहू जमीन आहे, खान्देशातून मुंबईकडे येणारी गाडी आहे आणि ठेकेदाराची सही आहे. यांतली एकही गोष्ट स्वभावात मोडत नाही.

स्वभावावरून काम ही कल्पना आपल्याकडे नवीन नाही. गीतेच्या अठराव्या अध्यायात स्वभावातून आलेल्या गुणांप्रमाणे कर्मांची वाटणी सांगितली आहे. व्यवहारात मात्र स्वभाव बघायला कोणी थांबले नाही, जन्म बघितला. आपल्या अंबरनाथचे शिवमंदिर शके ९८२ चे, म्हणजे इ. स. १०६० चे. त्या भिंतींवरचे बारीक कोरीव काम पाहताना मला नेहमी वाटते, की या हातांना कल विचारला गेला नसणार. बापाने छिन्नी दिली, मुलाने घेतली. त्यांत एखाद्याचा जीव कोरण्यात नसेलही. आणि ज्यांच्या हाती झाडू दिला गेला, त्यांच्यापैकी कितीजणांच्या बोटांत छिन्नी होती?

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाहोरच्या जात-पात तोडक मंडळासाठी लिहिलेले भाषण, मंडळाने बेत रद्द केल्यावर, १९३६ मध्ये स्वतः छापले. जातिव्यवस्था ही कामांची नव्हे तर काम करणाऱ्या माणसांचीच विभागणी आहे, हा त्यातला मुद्दा आपण भाषणांतून ऐकतो. पण त्याच्याच पुढचा मुद्दा क्वचित सांगितला जातो. माणसाची नैसर्गिक कुवत आणि आवड या वाटणीत जमेलाच धरलेली नाही. आणि ज्या कामात मन नाही ते माणूस टाळू पाहतो, त्यामुळे आर्थिक दृष्टीनेही ही रचना घातक आहे, असे बाबासाहेब म्हणतात. म्हणून कल विचारणाऱ्यांची मी थट्टा करून थांबू शकत नाही. ‘तुझी आवड काय?’ हा प्रश्न आमच्यासारख्यांपर्यंत पोहोचायलाच फार उशीर झालेला आहे. तो परत घ्या, असे मी कशी म्हणेन? माझे म्हणणे एवढेच, की तो अर्धवट विचारू नका. पाचही मुलगे तांत्रिक आणि तिन्ही मुली सेवाभावी असे उत्तर येते, तेव्हा जुनीच वाटणी नव्या कागदावर छापून हातात पडते. शिवाय आता तिला शास्त्राचा शिक्का असतो, म्हणून तिच्याशी भांडताही येत नाही.

(काही ठिकाणी तर बोटांचे ठसे घेऊन मुलाची बुद्धी आणि करिअर सांगतात. याला कसलाही शास्त्रीय आधार नाही. त्यापेक्षा आमच्या गावचे जोशीबुवा बरे, ते सव्वा रुपयात सांगत. असो.)

माझ्या मते सगळी मेख पार्सन्सच्या दुसऱ्या पायरीत आहे. शेजारच्या उल्हासनगराचे उदाहरण घ्या. फाळणीनंतर सिंधी निर्वासित कल्याणजवळच्या लष्करी छावणीतल्या बराकींत आले. १९४९ मध्ये त्या वसाहतीला उल्हासनगर नाव मिळाले. लोक म्हणतात, बघा, त्यांना कुठे कोणी कल विचारला होता? सगळे गमावून आले आणि धंद्यात उभे राहिले! हे खरे आहे, त्यांच्या कष्टांना माझा नमस्कार आहे. पण आज तिथल्या दुकानदाराचा मुलगा दहाव्या वर्षी गल्ल्यामागे बसतो. उधारी कशी बुडते, माल कुठून येतो, मंदीत काय करायचे, हे तो डोळ्यांनी पाहतो. ‘तुला व्यापार आवडेल का?’ असे त्याला विचारले, तर त्याच्या ‘हो’ला आणि ‘नाही’लाही वजन असते. वकिलाच्या मुलीचे तेच, डॉक्टरच्या मुलाचे तेच. दुसरी पायरी त्यांच्या घरातच असते. आम्ही वकील पाहिला तो सिनेमात, वास्तुशिल्पी पाहिलाच नाही. आमची खूण म्हणजे अंदाज, आणि त्या अंदाजाचा अहवाल म्हणजे सुबक छापलेला अंदाज.

बरे, काम पाहायला आम्हाला लांब जावे लागते असेही नाही. मोरिवलीचे आम्ही लोक कंपन्यांच्या भिंतीला पाठ लावून राहतो. रात्री वाऱ्याबरोबर वास आला की कोणत्या बाजूचा ते ओळखतो. पण भिंतीच्या आत प्रयोगशाळेत बसणारी मुलगी दिवसभर काय करते, इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक कशाला म्हणतात, सुरक्षा अधिकारी व्हायला काय शिकावे लागते, हे चाळीत फारसे कोणाला माहीत नाही. आम्हाला फाटक माहीत आहे आणि पाळीचा भोंगा माहीत आहे. बाबांनाही त्यांच्या प्लँटपलीकडचे विचारले तर म्हणतात, “तिकडं आम्हाला सोडत नाहीत.”

आणि कामालाही आयुष्य असते. अंबरनाथच्या विमकोच्या आगपेटी कारखान्यात ज्यांचे घरदार चालले, त्यांच्या मुलांनी तो बंद झालेला पाहिला. आयुधनिर्माणीत ॲप्रेंटिस लागला की जन्माची ददात मिटली, असे आमच्याकडची जुनी माणसे अजून सांगतात. पण २०२१ च्या ऑक्टोबरात आयुधनिर्माणी मंडळच मोडून त्याच्या सात कंपन्या करण्यात आल्या. हे चांगले की वाईट याचा वाद मी इथे घालत नाही. पण मुलाचा कल मोजताना, तो ज्या कामाकडे कलतो आहे ते काम उद्या कुठे कलले आहे, हेही कोणी सांगायला नको का?

ठाण्याला डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली स्थापन केलेली मानसिक आरोग्याची संस्था ‘वेध’ नावाची परिषद भरवते. तिथे वेगवेगळ्या क्षेत्रांतली माणसे व्यासपीठावर येऊन आपल्या कामाविषयी बोलतात. मला ही दिशा योग्य वाटते. स्वभावाच्या कोष्टकापेक्षा जिवंत माणूस जास्त शिकवतो. फक्त व्यासपीठावर येतात ती शिखरावर पोहोचलेली माणसे. मला पायथ्याची आणि मधल्या टप्प्यावरचीही ऐकायची आहेत. चाळीस वर्षे कारकुनी केलेले गृहस्थ, आयटीआय करून पाच वर्षांत तीन कंपन्या बदललेला फिटर, बी. ए. होऊन बँकेच्या परीक्षेत दोनदा राहिलेली आणि तिसऱ्यांदा लागलेली मुलगी.

आपल्याच कॉलेजात हे करता येईल. व्यवसाय-मार्गदर्शन कक्षाच्या फलकावर सध्या सोळा प्रकारांचा रंगीत तक्ता लावलेला आहे. तो राहू द्या, रंग चांगले आहेत. पण शेजारी आणखी एक फलक हवा. गेल्या पाच वर्षांत इथून बी. ए. झालेले विद्यार्थी आज काय काम करतात, सुरुवातीला हातात किती पडले, किती वाजता घरून निघतात आणि किती वाजता परततात, काम कायम की कंत्राटी, नावे न देता एवढेच लिहावे. माजी विद्यार्थ्यांना पत्र टाकायचे काम मी आणि माझ्या दोन मैत्रिणी फुकट करू. वर्षातून एकदा एखाद्या कंपनीने शनिवारी दार उघडावे आणि दहावी-बारावीच्या वीस मुलांना आतून फिरवावे. त्यानंतर हवी ती चाचणी घ्या. माझी खात्री आहे, की त्या वीसांच्या उत्तरपत्रिकेत ‘सांगता येत नाही’च्या खुणा कमी होतील.

बहिणीच्या बाबतीत आम्ही वाट पाहत बसलो नाही. गेल्या रविवारी अंबरनाथच्या आयटीआयमधून शिकून केमिकल प्लँट ऑपरेटरची ॲप्रेंटिसशिप करणारा पलीकडच्या चाळीतला दादा घरी आला होता. बहिणीने वहीत प्रश्न लिहून ठेवले होते. प्रवेशाला गुण किती लागतात, पहिल्या वर्षी काय शिकवतात, विद्यावेतन किती, त्यानंतर डिप्लोमाला जाता येते का, डोळ्यांना त्रास होतो का. दादा एकेक सांगत गेला, तशी ती लिहीत गेली. मिक्सरच्या मोटरची आणि पंपाच्या मोटरची तुलना करीत दोघे पाऊण तास बसले. आईने दोनदा चहा केला. शेवटी तिने वहीतला राहिलेला प्रश्न वाचला, “दादा, रातपाळीला मुलींना घेतात का?”

दादाने कप खाली ठेवला. म्हणाला, “आमच्या कंपनीत तरी अजून कुणी विचारलेलं नाही.”